नको म्हणणाऱ्यांचा मोसम

महाराष्ट्रातले निम्मे अधिकारी माझ्या हाताखालून गेलेत. म्हणजे मी खाली झाडू मारत होतो आणि त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतले होते.

सदाशिव पेठेत एक अभ्यासिका आहे, तिथे मी असतो. पूर्वी ते मंगल कार्यालय होतं. लग्नं गावाबाहेरच्या लॉनवर गेली, तसे मालकांनी पंगतीच्या हॉलमध्ये प्लायवूडचे खण पाडले, खुर्च्यांवर नंबर टाकले, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं येऊन बसायला लागली. अजूनही पावसाळ्यात भिंती ओलावल्या की हॉलमध्ये मठ्ठ्याचा वास येतो, आणि एखादा राज्यघटना वाचता वाचता उठून जेवायलाच जातो. माझं काम म्हणजे झाडणं, पाणी भरणं, पंखे लावणं, आणि कुणी फोनवर बोललं की 'शूऽऽ' करणं. शिक्षण सातवी नापास. नापास व्हायलाही मला दोन वर्षं लागली.

तर परत ते दिवस आलेत. ऊन मी म्हणतंय आणि परीक्षा तीन आठवड्यांवर. हे दिवस मला कॅलेंडर न बघता कळतात. झेरॉक्सच्या दुकानातले गरम गरम कागद छातीशी धरून पोरं जिना चढतात, जसा काही जेवणाचा डबाच आणलाय. डोक्यावर ओले टॉवेल. हायलायटरचा तो गोडसर वास, त्यात टाल्कम पावडर आणि घाम. खाली रसवंतीच्या घुंगरांचा छनछनाट, आणि वर शंभर-सव्वाशे माणसं असूनही आवाज फक्त पान उलटल्याचा. कुणीतरी पेन टकटक करतं. मग शेजारचा मान न वळवता नुसता खाकरतो. टकटक थांबते. इतकं सोज्वळ भांडण तुम्हाला दुसऱ्या गावात बघायला मिळणार नाही.

आणि ह्याच दिवसांत ते सुरू होतं. 'काय फरक पडतो.' जिन्यात काय फरक पडतो, पाण्याच्या टाकीपाशी काय फरक पडतो, पोह्याच्या प्लेटीवर शेव कमी पडली तरी काय फरक पडतो. शेव कमी पडल्याचा फरक पडतो हो! मी बघितलंय, तिथे सगळ्यांना पडतो.

परवा रूपाली आली. पंचेचाळीस नंबरची खुर्ची, नांदेडची पोरगी, अभ्यासाला वाघ. म्हणाली, "काका, मी यंदा पेपर देत नाहीये."

"का गं?"

"कशालाच काही अर्थ नाही ना. आय मीन, पास झाले तरी काय, नाही झाले तरी काय. शेवटी सगळं झिरोच."

आणि मला मोबाईल दाखवला. त्यात एक दाढीवाला समुद्राकडे बघत उभा, मागे रडका पियानो, आणि खाली इंग्रजीत काहीतरी. रूपालीने मराठी करून सांगितलं, की ह्या विश्वाला तुमची काही पडलेली नाही. "बघा, लाखांनी लाइक आहेत."

मी म्हणलं, "कुणाला कुणाची पडलेली नाही, तर एवढ्या लोकांनी अंगठा का दाबला?"

"काका, तुम्हाला नाही कळायचं."

माझं डोकं फिरतं ते इथे. कारण मला कळलं होतं. आयुष्यात एकदाच, एका उन्हाळ्यात, मला तत्त्वज्ञान कळलं होतं. आणि त्यापायी एका माणसाचं वाटोळं झालं.

त्या माणसाचं नाव गजानन. वाशिमकडचा. बारा नंबरची खुर्ची, खिडकीजवळ. सात-आठ वर्षं झाली ह्या गोष्टीला. तीनदा मेन्सपर्यंत गेलेला, एकदा तर पार मुलाखतीपर्यंत. गावाकडे लोकांनी त्याला 'साहेब' म्हणायला आधीच सुरुवात करून ठेवली होती, आणि आता ती कुणाला थांबवता येत नव्हती. वयाची मर्यादा संपत आली होती. त्या उन्हाळ्यातली परीक्षा त्याची शेवटची, पुढच्या वर्षी त्याचा फॉर्मच कुणी घेणार नव्हतं.

बाकीची पोरं अभ्यासाच्या पुस्तकाखाली मोबाईल लपवतात. हा अर्थशास्त्राच्या गाईडखाली कादंबरी लपवायचा. मी झाडू मारता मारता विचारलं, "काय वाचतोस रे?"

"एका माणसाला पत्र येतं."

"मग?"

"तो ते उघडत नाही."

"मग?"

"मग काही नाही. अडीचशे पानं तो ते उघडत नाही."

मला इतका राग आला त्या माणसाचा! म्हणलं, "उघड म्हणावं की बाबा! लाइट बिल असेल, कनेक्शन कापतील!"

गजानन हसला, आणि चहा पाजायला खाली टपरीवर घेऊन गेला. तिथे माझी शाळा सुरू झाली. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात विश्वाची पोकळी. पोरगा एम. ए. झालेला, बोलायला कुणी नाही, आणि मी असा श्रोता की ज्याला मधे शंका विचारण्याइतकंही कळत नाही. आमचं जमलं.

एकदा मला सिनेमाला घेऊन गेला. डेक्कनपलीकडे कुठलातरी फिल्म क्लब, खुर्च्या आमच्यापेक्षा वाईट. पडद्यावर एक म्हातारा रोज सकाळी घराची भिंत रंगवतो. संध्याकाळपर्यंत रंगाचे पोपडे पडतात. दुसऱ्या दिवशी परत रंगवतो. परत पोपडे. गाणं नाही, बायको नाही, काही नाही. मी अर्धा तास धरून ठेवलं स्वतःला. पण माणसाला मर्यादा असते. मी उभा राहून ओरडलो, "अहो, ओल आहे भिंतीला! आधी प्रायमर तरी मारा!"

मागून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "आपण चित्रपट बघायला आलात, की काम घ्यायला?"

बाहेर आल्यावर गजानन सांगायला लागला, की ती भिंत म्हणजे आयुष्य आहे. असेल बाबा. पण म्हणून ओल जाते का? ह्या लेखक-दिग्दर्शक लोकांचं मला हेच कळत नाही. कशालाच अर्थ नाही म्हणतात, आणि ते सांगायला अडीचशे पानं लिहितात. प्रुफं तपासतात. काना-मात्रा चुकला तर छापखान्यावर खेकसतात. मागच्या पानावर हनुवटीला हात लावून फोटो देतात. ज्याला खरंच काही वाटत नाही तो फोटो काढताना केस नीट करेल का?

हे मी गजाननला म्हणलं तर तो खूश झाला. म्हणाला, "काका, तुम्ही मुद्द्याजवळ आलात. बघा, दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, कशालाच अर्थ नाही, विषय संपला. हा शून्यवाद. दुसरी म्हणते, अर्थ वरून कुणी लावून पाठवत नाही, म्हणून ज्याचा त्यानं लावायचा, आणि मग चुकलं तर दुसऱ्याच्या नावानं ओरडायचं नाही. हा अस्तित्ववाद."

"तू कुठल्या पार्टीत?"

"ठरत नाही अजून," तो म्हणाला.

माझं लगेच ठरलं. मला पहिली पार्टी आवडली. तीत काम कमी होतं.

मी जोरात कामाला लागलो, म्हणजे काम सोडून दिलं. झाडू मारताना वाटायचं, परत धूळ येणारच. पाण्याची टाकी भरताना वाटायचं, ही पिऊन टाकणारच. मालक म्हणाले, "जिन्यात कोळ्याची जाळी झालीत." मी म्हणलं, "मालक, आपण सगळे जाळ्यातच आहोत." मालकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आपण घ्यायला लागलात का?"

हडपसरला घरी पण तेच. आमची तिथली जमीन चुलत्यांनी कधीच देऊन टाकली. जिथे आमचा फ्लॉवर यायचा तिथे आता काचेची बिल्डिंग आहे, आणि जिथे विहीर होती तिथे जिम. मी येता जाता बघतो, आयटीतली पोरं त्या पट्ट्यावर जिवाच्या आकांताने पळतात आणि इंचभर पुढे जात नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही, की बाबांनो, ह्याचा अर्थ काय. त्या उन्हाळ्यात मी बाहेर उभा राहून त्यांच्याकडे दयेने बघायचो. आतून त्यांना वाटायचं, ह्याला आत यायचंय आणि परवडत नाही.

मंदा, म्हणजे आमची बायको, हिला मी तत्त्वज्ञान सांगायचा प्रयत्न एकदाच केला.

ती म्हणाली, "आवं, सिलिंडर संपलाय. नंबर लावा."

"लावून काय मंदा? परत संपणारच."

"बरं. मग आज जेवू पण नका. परत भूक लागनारच हाय."

मी नंबर लावला. पण मनातून पार्टी सोडली नाही.

आता आमच्या अभ्यासिकेत एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मी आल्यापासून बघतोय. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरं पेनं-बाटल्या घ्यायला अभ्यासिकेत येतात, आणि त्यातली निम्मी खुर्चीत बसून म्हणतात, मी नाही जात. मग जो कोणी जवळ असेल त्याने ओरडायचं, "ऊठ, नाटकं करू नको, निघ!" की तो उठतो, निघतो, पेपर देतो. रोज एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा त्या दिवशी एकमेकांना शिव्या घालतात. मी तर ह्या कामात पटाईत होतो. माझ्या शिवीवर एक जण तहसीलदार झालाय.

तो रविवार मला अजून दिसतो. सातची वेळ. खिडकीतून तिरकं ऊन बारा नंबरवर पडलेलं, त्यात धूळ तरंगतेय, माझीच न झाडलेली. एकेक जण निघून गेला. हॉल रिकामा झाला, पंखे तेवढे फिरत होते. गजानन आपल्या जागेवर चहा पीत बसलेला. मी पण शेजारी स्टुलावर चहा घेऊन बसलो.

"काका, मी नाही जात," तो म्हणाला.

आणि मी, गाढव, मला इतका अभिमान वाटला! इतक्या दिवसांची शिकवणी कामाला आली. मी गुरूला पटेल असं उत्तर दिलं. म्हणलं, "बरोबर आहे तुझं. काय फरक पडतो?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग "हं" म्हणाला. उठला, कप स्वतः विसळून ठेवला. इतक्या वर्षांत त्याने कधी कप विसळला नव्हता. आणि जिना उतरून गेला. मी खिडकीतून बघितलं, तर परीक्षेचं सेंटर होतं एका बाजूला आणि हा चालला होता दुसऱ्या बाजूला, आपल्या रूमकडे. मला वाटलं, वा! काय माणूस आहे!

दुपारी हडपसरला जेवायला बसलो. आमरस होता. मी मंदाला थाटात सांगितलं, की आज आम्ही दोघांनी मिळून परीक्षा नावाच्या गोष्टीला लाथ मारली.

तिचा वाढता हात थांबला. "त्याचा शेवटचा चान्स होता न्हवं?"

"हो."

"आन् तो म्हनला जात न्हाई, तर तुम्ही काय म्हनलात?"

मी सांगितलं.

मंदाने वाटी खाली ठेवली. म्हणाली, "आवं, पंगतीत मानूस पानावर आडवा हात धरून नको नको म्हनतो, तवा वाढनारा निघून जातो व्हय? बोटांच्या फटीतनं वाढायचं असतं. त्यानं नको म्हनलं ते तुम्ही जा म्हनावं म्हनून."

मी पंगतीच्या हॉलमध्ये काम करतो, आणि मला हे कळलं नाही! गजानन इतके दिवस जे बोलत होता, ती कादंबरी, ती भिंत, ते शून्य, तो सगळा पानावर धरलेला आडवा हात होता. आणि मी 'बरं' म्हणून पुढच्या पानावर गेलो होतो.

तसाच उठलो. बस धरली, स्वारगेटला सिग्नलला बस अडकली तर उतरून पळत सुटलो. कशाला पळत होतो देव जाणे. सकाळचा पेपर कधीच संपला होता. एक पेपर चुकला की दुसरा देऊन उपयोग नाही, हे सातवी नापासालासुद्धा माहीत होतं. पण पाय पळत होते. मधे त्या जिमवाल्यांची आठवण झाली.

रूमवर गेलो, तर गजानन गादी गुंडाळत होता, आणि चक्क शीळ घालत होता. मला वाटलं, गेला हा कामातून, डोक्यावर परिणाम झाला. मी दारात उभा राहून धापा टाकत म्हणलं, "गजा, माझं चुकलं रे."

"काका, ती दोरी धरा जरा," तो म्हणाला. मी धरली. त्याने गाठ मारली. पुस्तकं रद्दीवाल्याला दिली, कादंबऱ्या एका पिशवीत भरल्या, आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने गेला. मला एकही पुस्तक दिलं नाही. बरं केलं. नाहीतर मी अजून कुणाचं तरी वाटोळं केलं असतं.

तेव्हापासून मी पार्टी सोडली आणि आग्रहाचा राक्षस झालो. उन्हाळा आला की माझं डोकंच ठिकाणावर राहत नाही. कुणी नुसतं "कंटाळा आला" म्हणलं तरी मी झाडू घेऊन मागे लागतो. एकाला अंगात ताप असताना रिक्षात कोंबून सेंटरवर पाठवला, तो तिथे पेपरावर डोकं ठेवून झोपला. एका परीक्षेच्या सकाळी टाकीपाशी एक जण उकिडवा बसलेला दिसला, त्याच्यावर मी पाच मिनिटं ओरडलो, आईबापांची आठवण करून दिली, डोळ्यांत पाणी आणलं त्याच्या. तो नळ दुरुस्त करायला आला होता. एवढं करूनही वैताग कमी होत नाही. दरवर्षी नवी पोरं येतात, नवं काहीतरी वाचून-बघून येतात, आणि परत तेच. काय फरक पडतो. अरे, मला विचारा काय फरक पडतो! एका सकाळी एक कप चहा पिता पिता मी ते वाक्य बोललो होतो, आणि एक माणूस साहेब व्हायचा राहिला.

रूपालीला मी परवा हेच ऐकवत होतो. जिन्यातच, मोठमोठ्याने. "पेपर द्यायचा म्हणजे द्यायचा! त्या दाढीवाल्याला सांग, समुद्रात उडी मार!" पोरगी घाबरून भिंतीला टेकलेली. तेवढ्यात खालून कुणीतरी म्हणालं, "काका, आवाज खाली. वर पोरं अभ्यास करून राहिली."

गजानन.

मी ओळखलाच नाही आधी. उन्हाने रापलेला, पोट जरा सुटलेलं, हात काळे, एका बोटाचं नख गेलेलं. तिकडे वाशिमकडे त्याचं बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी वर काढायचं काम आहे. मशीनचा कुठलातरी पार्ट तिकडे मिळत नाही म्हणून पुण्याला आला होता. रूपालीने त्याला जागा करून दिली, आणि आम्ही तिघं जिन्यावरच बसलो.

"बरं चाललंय का?" मी विचारलं.

"चाललंय. पाऊस चांगला झाला की काम बंद. नाही झाला की लोक रडत येतात. दोन्हीकडून तरास."

"आणि वाचन?"

"वाचतो ना. मोटार वर यायला चार-चार तास लागतात. तोवर काय करणार?"

चार तास भोकाच्या तोंडाशी बसलेला साहेब! म्हणलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. रूपालीसमोरच मी त्याचे हात धरले. म्हणलं, "गजा, मी तुझा गुन्हेगार आहे. त्या दिवशी मी फक्त जा म्हणायला पाहिजे होतं. एक शिवी घातली असती तर तू उठला असतास, आज गाडीला लाल दिवा असता. तुझ्या आयुष्याची माती मी केली. दर उन्हाळ्यात मला ती सकाळ दिसते. तू कसा बघत राहिला होतास माझ्याकडे!"

"कधी?"

"अरे, मी काय फरक पडतो म्हणलं तेव्हा! किती वेळ बघत होतास!"

त्याने आठवून बघितलं. "तुमच्या मिशीला साय लागली होती," तो म्हणाला.

रूपाली फिसकन हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले. पण गजानन हसत नव्हता. त्याने माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले.

"म्हणजे इतकी वर्षं हे डोक्यात घेऊन बसले तुम्ही?"

"मग काय करू?"

"अहो, मी शनिवारी दुपारीच हॉल तिकीट फाडून टाकलं होतं. रविवारी तुम्ही जा म्हणा, नको म्हणा, पाया पडा. मी जाणारच नव्हतो."

"पण मंदा म्हणाली, तू नको म्हणलास ते मी जा म्हणावं म्हणून..."

"मी नको म्हणलं ते नको होतं म्हणून." त्याचा आवाज चढला, आणि चढल्यावर त्याचं वाशिम बाहेर यायला लागलं. "काहून हो काका, बापानं सांगितलं ते शिकलो. मास्तरानं सांगितलं तो फॉर्म भरला. क्लासवाल्यानं सांगितलं तितकी वर्षं बसलो. जन्मात एक गोष्ट माझ्या मनानं केली, तर ती पण तुम्ही स्वतःच्या नावावर करून घेता? तुम्ही कोण लागून गेले?"

'ठरत नाही अजून' म्हणणाऱ्याची पार्टी त्या शनिवारीच ठरली होती, दुसरी, आणि मला ती इतक्या उन्हाळ्यांनी कळत होती.